रस्त्यावरची चूल



दरवर्षी जून महिन्यात शाळा उघडली की वर्गशिक्षकाच्या वाट्याला पहिले काम येते ते विद्यार्थ्यांचे माहितीपत्रक भरून घेण्याचे. नाव, जन्मतारीख, पत्ता आणि त्यापुढे 'पालकांचा व्यवसाय' असा एक रकाना असतो. २०१९ च्या जूनमध्ये माझ्या नववीच्या वर्गातील एका मुलाने तो रकाना कोरा ठेवला. मी विचारले तेव्हा मान खाली घालून त्याने 'धंदा' एवढेच लिहिले. कसला धंदा, असे पुन्हा विचारताच मागच्या बाकावरून कोणीतरी हसत म्हणाले, "सर, त्याचे अब्बा भुर्जीची गाडी लावतात." त्या मुलाचा चेहरा पडला.

हसणाऱ्या मुलाला मी रागावलो खरा. पण घरी गेल्यावर मनात आले की, ही लाज त्या पोरांनी स्वतः निर्माण केलेली नाही. ती आपल्या घराघरांतून येते. मुलगा अभ्यास करीनासा झाला की आपण काय म्हणतो? "शिकला नाहीस तर वडापावची गाडी लावावी लागेल!" मी स्वतः हे वाक्य वर्गात उच्चारलेले आहे, हे येथे कबूल केले पाहिजे. इतिहास हा माझा शिकवण्याचा विषय. तेव्हा या गाडीला काही इतिहास आहे की नाही ते पाहावे असे ठरवले, आणि जे वाचनात आले ते आपणापुढे ठेवीत आहे.

रस्त्यावरचे खाणे म्हणजे जिभेचे चोचले, असा आपल्याकडे सर्वसाधारण समज आहे. थोडासा तो खराही आहे. परंतु इतिहासाची पाने चाळली तर असे दिसते की, रस्त्यावरची चूल प्रथम पेटली ती चैनीसाठी नव्हे, तर ज्यांच्या घरी चूलच नव्हती त्यांच्यासाठी. इटलीतील पाँपेई हे शहर इ. स. ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडले गेले. त्याच्या उत्खननात रस्त्याकडेला दगडी ओटे असलेली सुमारे ८० खाद्यगृहे सापडली आहेत. ओट्यात रांजण बसवलेले, रांजणात तयार पदार्थ, आणि गिऱ्हाईक रस्त्यावर उभे. २०२० साली अशा एका दुकानाचे उत्खनन पूर्ण झाले, तेव्हा रांजणांच्या तळाशी बदकाचे हाड आणि मासळी व गोगलगाय यांचे अवशेष मिळाले. ओट्यावर कोंबड्याचे रंगीत चित्रही होते. म्हणजे पाटी रंगवून घेण्याची हौस आजचीच नाही! श्रीमंतांच्या वाड्यांत स्वयंपाकघरे होती. माळ्यावरच्या आणि दुकानामागच्या खोल्यांत राहणारा गरीब माणूस या ओट्यांवर जेवत असे.

पाँपेईविषयी आपल्याकडे आहेत ते मुके रांजण. पुढे इस्लामी जगतात जी मोठी शहरे उभी राहिली, त्यांच्याविषयी मात्र लेखी पुरावा आहे, आणि तो मोठा मनोरंजक आहे. इजिप्तमध्ये जंगल नाही. त्यामुळे सरपण महाग. कैरो शहरातील गरिबाला घरी चूल पेटवण्यापेक्षा बाजारातून तयार अन्न आणणे सोयीचे पडे. जुन्या कैरोतील म्हणजे फुस्तात येथील ज्यू प्रार्थनास्थळात जी हजारो कागदपत्रे मिळाली, त्यांचा एस. डी. गॉइटाइन या विद्वानाने आयुष्यभर अभ्यास केला. त्यातही बाजारातून शिजवलेले अन्न घरी आणण्याची पद्धत दिसून येते.

अशा शहरात अन्न विकणाऱ्यांवर देखरेख ठेवण्यासाठी मुहतसिब नावाचा अधिकारी असे. वजन-मापे, भेसळ, स्वच्छता हे सारे त्याच्या कक्षेत येई. त्याला मार्गदर्शन करणारे ग्रंथ लिहिले गेले. बाराव्या शतकात सीरियातील अल्-शयझरी याने असा एक ग्रंथ लिहिला. त्यानंतर इजिप्तमधील इब्न अल्-उखुव्वा (मृत्यू इ. स. १३२९) याने त्याच धर्तीवर आणखी मोठा ग्रंथ रचला. या ग्रंथांत एकेका धंद्यासाठी एकेक प्रकरण आहे. रोटीवाले, खाटीक, तळलेली मासळी विकणारे, हरीसा शिजवणारे, जुलाबिया तळणारे. वाचता वाचता आपण आपल्याच बाजारातून फिरतो आहोत असे वाटते. आणि वाटले तर नवल नाही. कारण जुलाबिया म्हणजे आपल्या जिलबीचा पूर्वज, आणि गहू व मांस एकत्र घोटून केलेला हरीसा म्हणजे आपल्या हलीम-खिचड्याचा!

पीठ मळणाऱ्यासाठी अल्-शयझरीने घातलेले नियम मी वर्गात वाचून दाखवतो. मळणाऱ्याने पाय, गुडघे किंवा कोपरे यांनी पीठ मळू नये. अंगात घट्ट बाह्यांचा अंगरखा असावा. तोंडावर कापड बांधावे, कारण बोलताना वा शिंकताना पिठात थुंकी उडण्याचा संभव असतो. कपाळावर पांढरी पट्टी बांधावी, म्हणजे घाम गळणार नाही. हातावरचे केस काढून टाकावेत. आणि दिवसा मळत असेल तर शेजारी एक माणूस माशा हाकायला उभा करावा! वाचकहो, हे नियम आठशेहून अधिक वर्षांपूर्वीचे आहेत. २०२० साली आपण सर्वांनी तोंडाला कापड बांधले तेव्हा मला या ओळी आठवल्या.

मांसाचे सारण भरून विकणाऱ्यांविषयी तो म्हणतो की, त्यांनी आपले काम मुहतसिबाच्या बैठकीजवळच करावे, कारण त्यांच्या लबाड्या इतक्या आहेत की त्या दुरून कळत नाहीत. बकऱ्याऐवजी दुसरेच मांस, शिळ्यात ताजे मिसळणे, वजन वाढवण्यासाठी पाणी; सगळे प्रकार त्याला ठाऊक होते. तेव्हा पूर्वीचे सारे शुद्ध आणि आजचे सारे अशुद्ध, असे म्हणणाऱ्यांनी हे ग्रंथ अवश्य वाचावेत.

या नियमांत रस्ता अडवू नये, दुकानाचे ओटे वाटेत पुढे काढू नयेत, हेही आहे. म्हणजे पादचाऱ्याचा हक्क त्यांनी विसरलेला नाही. परंतु मला महत्त्वाची वाटते ती गोष्ट निराळी. अन्न विकणाऱ्याला बाजारात उभे राहू द्यावे की नाही, हा प्रश्न या ग्रंथकारांना पडतच नाही. त्याने ते कसे विकावे, एवढाच त्यांचा प्रश्न आहे. मुहतसिब तपासायला येत असे. तो यायच्या आत पळून जावे लागे ते लबाडाला, सर्वांना नव्हे.

आपल्या देशातही असा एक प्रसंग इतिहासकार जियाउद्दीन बरनी याने लिहून ठेवला आहे. दिल्लीचा सुलतान अलाउद्दीन खिलजी (कारकीर्द १२९६ ते १३१६) याने बाजारभाव बांधून दिले होते. ते पाळले जातात की नाही हे पाहण्यासाठी तो आपल्या पदरच्या पोरांच्या हाती थोडेसे पैसे देऊन त्यांना बाजारात धाडी. कोणी रोटी-कबाब आणायचा, कोणी हलवा, कोणी रेवडी, कोणी काकडी. आणलेले पदार्थ सुलतानासमोर तोलले जात. वजनात कसर आढळली तर दुकानदाराच्या अंगाचे तेवढे मांस कापून काढीत, असे बरनी म्हणतो. ही शिक्षा कोणी स्तुत्य मानणार नाही. पण एका बलाढ्य सुलतानाला बाजारातल्या कबाबाच्या वजनाची काळजी करावी लागली, यावरून शहराच्या पोटाशी त्या कबाबाचा किती संबंध होता हे लक्षात येते.

आता आपण आपल्या मुंबईकडे वळू. १८५३ साली बोरीबंदर ते ठाणे अशी आगगाडी धावली. १८५४ साली कावसजी दावर यांनी पहिल्या कापड गिरणीची कंपनी स्थापन केली आणि १८५६ साली ती गिरणी सुरू झाली. पुढील काही दशकांत रत्नागिरी, सातारा, पुणे या जिल्ह्यांतून आणि उत्तर हिंदुस्थानातून लाखो माणसे मुंबईत आली. मदनपुऱ्यात उत्तरेकडील मोमीन विणकरांची वस्ती झाली. यातील बहुसंख्य पुरुष एकटे आलेले होते. बायकामुले गावी.

माझे आजोबा त्यांतलेच. कोकणातून बोटीने गेले आणि गावच्या जमातीने घेतलेल्या खोलीत राहू लागले. एका खोलीत वीस-बावीस माणसे. कोणी दिवसपाळीचा, कोणी रातपाळीचा. एक उठला की त्याच्या जागेवर दुसरा झोपे. चूल एकच, आणि तिच्यावर पाळी लागे ती चहाची. आजोबा सांगत, "आम्हांला रस्त्याने पोसले." लहानपणी मला त्या वाक्याचा अर्थ कळत नसे. गिरणगावात घरगुती खाणावळी होत्या, आणि त्या चालवणाऱ्या बायांना एकत्र आणून प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले, हा मोठा अभिमानाचा इतिहास आहे. पण खाणावळीला महिन्याचे पैसे आणि जेवायला वेळ लागतो. ज्याच्याजवळ या दोन्ही गोष्टी नाहीत तो गाडीवर येतो.

वडापावची जन्मकथा आपणांस ठाऊक असेल. १९६६ साली दादर स्थानकाबाहेर अशोक वैद्य यांनी बटाटेवडा पावात घालून विकण्यास सुरुवात केली, असे श्रेय सर्वसाधारणपणे दिले जाते. जागा पाहा: स्थानकाबाहेर. वेळ पाहा: एक लोकल सुटली आणि दुसरी यायची आहे. ताट नको, वाटी नको, बसायला बाक नको, आणि एक हात डब्याचा दांडा धरायला मोकळा! मुंबईच्या वेळापत्रकात बसावा असा हा पदार्थ आहे. आणि आपण ज्याला अस्सल मराठी खाणे म्हणतो, त्याची वंशावळ काढली तर मोठी गंमत होते. बटाटा आणि मिरची या दोन्ही अमेरिका खंडातल्या. पोर्तुगीजांच्या जहाजांबरोबर त्या इकडे आल्या. पाव हा शब्दच पोर्तुगीज, आणि मुंबईला पाव खायला शिकवले ते गोव्याहून आलेल्या बेकरीवाल्यांनी. बेसन तेवढे घरचे. परके इतके होते की आता परके कोणीच उरले नाही.

१८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख गिरणी कामगार उतरले. संपानंतर अनेक गिरण्या पुन्हा नीट सुरू झाल्याच नाहीत. ज्यांच्या नोकऱ्या गेल्या त्यांतील कितीतरी माणसांनी रस्त्यावर काही ना काही विकायला सुरुवात केली. समाजशास्त्रज्ञ शरित भौमिक यांनी मुंबईतील फेरीवाल्यांचा अभ्यास केला, तेव्हा त्यांतील सुमारे ३० टक्के लोक पूर्वी कारखान्यांत कायम नोकरीवर होते असे दिसून आले. म्हणजे ज्या गाडीचे नाव घेऊन आपण मुलांना धाक घालतो, तिच्यामागे उभा असलेला माणूस अनेकदा साच्यावर कापड विणणारा कुशल कामगार होता. तो न शिकल्यामुळे तेथे आलेला नव्हता.

बरे, गरज होती हे मान्य. पण मग ज्याच्या घरी गॅस आहे, फ्रिज आहे, तो मोटारीतून उतरून गाडीवर का उभा राहतो? याचे उत्तर मी पुष्कळ वेळा गाडीजवळ उभा राहून शोधले आहे. (शिक्षकाने असे उभे राहावे काय, हा प्रश्न आमच्या घरी अधूनमधून निघतो.) हॉटेलात स्वयंपाकघर भिंतीआड असते. गाडीवर सारे डोळ्यांसमोर. कांदा कापला जातो, तेल तापते, अंडे फुटते, कालथा तव्यावर वाजू लागतो आणि नाकात वास शिरतो. पहिला घास तोंडात जाण्यापूर्वी निम्मे जेवण झालेले असते. "तिखट कमी", "कोथिंबीर जास्त", "पाव जरा भाजा", असे आपण सांगतो आणि तो ऐकतो. मोठ्या हॉटेलात अशी सूचना करायला धीर लागतो. शिवाय तेथे दारातच माणसाचा पोशाख पाहिला जातो. गाडीवर हमाल आणि हापिसातला साहेब खांद्याला खांदा लावून उभे असतात, आणि प्लेट मिळते ती ज्याने आधी सांगितले त्याला.

हे पाहायचे असेल तर रमजानच्या रात्री मुंबईत महंमद अली रोडवर मिनारा मशिदीजवळ जावे. इफ्तारनंतर तो भाग जो जागा होतो तो सहरीपर्यंत. सीखकबाब, नल्ली निहारी, मालपुवा, मातीच्या परळीतली फिरनी. निहारी हा शब्द अरबी 'नहार' म्हणजे दिवस, सकाळ यावरून आला. रात्रभर मंद आचेवर शिजवून पहाटे खायचा तो पदार्थ. या गर्दीत निम्मे लोक रोजेदार नसतात. दूरच्या उपनगरांतून इतर समाजांची माणसे बायकामुलांसह आलेली असतात आणि खिचडा कशाचा करतात हे विचारीत असतात. आपल्याविषयीचे कितीतरी गैरसमज व्याख्यानांनी गेले नसतील ते त्या फिरनीच्या परळीने घालवले असतील, असे माझे मत आहे. २०२० च्या रमजानमध्ये टाळेबंदीमुळे तोच रस्ता ओस पडला होता.

रस्त्यावरच्या या विक्रेत्यावर सर्वांत मोठी सत्ता चालते ती कायद्याची, आणि त्याविषयी आपल्या समाजात फार अज्ञान आहे. मुंबई महानगरपालिकेचा कायदा १८८८ सालचा. परवान्याशिवाय फेरी करू नये, आणि रस्त्यावर मांडलेला माल आयुक्ताला पूर्वसूचना न देता उचलता येईल, अशी तरतूद त्यात आहे. मुहतसिब तपासायला येई. येथे मालमोटार उचलायला येऊ लागली. १९८५ साली पदपथावर राहणाऱ्यांच्या प्रसिद्ध खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की, जगण्याच्या हक्कात उपजीविकेचा हक्कही येतो. १९८९ साली सोदान सिंग खटल्यात सांगितले की, वाजवी बंधने पाळून रस्त्याच्या कडेला विक्री करणे हा व्यवसायस्वातंत्र्याच्या मूलभूत हक्काचा भाग आहे. २००३ साली मुंबईसाठी जी बंधने घातली गेली त्यांत शाळा, रुग्णालय आणि प्रार्थनास्थळ यांपासून १०० मीटर व रेल्वे स्थानकापासून १५० मीटर अंतरात विक्री नको, असे होते. शिक्षक म्हणून मला शाळेजवळचा नियम पटतो. पण वडापाव जन्मला तो स्थानकाच्या दारात. त्याला १५० मीटर दूर नेले की गिऱ्हाइकाची लोकल चुकते!

अखेर २०१४ साली संसदेने पथविक्रेत्यांच्या उपजीविकेच्या संरक्षणाचा कायदा केला. प्रत्येक शहरात विक्रेत्यांचे सर्वेक्षण व्हावे, ते पूर्ण होईपर्यंत कोणास उठवू नये, शहराच्या लोकसंख्येच्या अडीच टक्क्यांपर्यंत विक्रेत्यांना सामावून घ्यावे, त्यांना प्रमाणपत्र द्यावे, आणि नगर पथविक्रेता समितीत किमान ४० टक्के सदस्य विक्रेत्यांनी निवडून दिलेले असावेत, अशी त्याची कलमे आहेत. अंमलबजावणी ठिकठिकाणी रेंगाळली, हे खरे. पण पालकहो, आपणांपैकी किती जणांनी हे कलम वाचले आहे? ज्याच्यापाशी कागद नाही त्याच्याकडून कोणीही पैसे उकळू शकतो.

आणि दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. काळे पडलेले तेल पुन्हा पुन्हा तापवणे, एकाच बादलीत दिवसभर प्लेटा बुडवणे, वर्तमानपत्राच्या शाईवर गरम भजी ठेवणे हे प्रकार सर्रास चालतात. वर्तमानपत्रात अन्न देऊ नये, असे अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१६ साली बजावले. तरी भजी अजून बातम्यांत गुंडाळलेली मिळतात. गरिबीचे कारण येथे चालणार नाही. अल्-शयझरीने ते ऐकून घेतले नसते.

हा सारा प्रकार आपल्याच देशातील दारिद्र्याचे लक्षण आहे, असे समजू नये. अमेरिकेत १८७२ साली प्रॉव्हिडन्स शहरात वॉल्टर स्कॉट नावाच्या गृहस्थाने रातपाळीच्या कामगारांसाठी आणि वर्तमानपत्राच्या कचेरीतील लोकांसाठी घोडागाडीतून खाद्यपदार्थ विकले. आज ज्याला 'फूड ट्रक' म्हणतात त्याचा तो पूर्वज. न्यूयॉर्कमध्ये १९९० साली तीन इजिप्शियन मुसलमानांनी एक हातगाडी लावली. त्यांना दिसले की शहरातील मुसलमान टॅक्सीवाल्यांना हलाल जेवण कोठे मिळत नाही. त्यांनी भातावर कोंबडी आणि मांस घालून देण्यास सुरुवात केली. टॅक्सी थांबू लागल्या, मग रांगा लागल्या, मग ज्यांना हलाल शब्दाचा अर्थही ठाऊक नव्हता ते रांगेत आले. 'हलाल गाइज' या नावाने त्या गाडीची आज अनेक देशांत उपाहारगृहे आहेत. कैरोच्या बाजारातील माणसे शेवटी न्यूयॉर्कच्या रस्त्यावर तोच धंदा करू लागली!

त्या मुलाचे पुढे काय झाले, असे आपण विचाराल. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली आणि त्याच्या वडिलांची गाडी कित्येक महिने घराच्या भिंतीला टेकून उभी राहिली. शाळा मोबाइलवर सुरू झाली. त्यांच्या घरी मोबाइल एकच होता. त्याच वर्षी पथविक्रेत्यांसाठी १० हजार रुपयांच्या कर्जाची सरकारी योजना निघाली. तिचा अर्ज भरण्यासाठी एके संध्याकाळी बापलेक माझ्या घरी आले. तोंडाला रुमाल बांधलेले. चहा होईपर्यंत मी त्यांना पीठ मळणाऱ्याचे ते जुने नियम वाचून दाखवले. वडील मन लावून ऐकत होते. माशा हाकणाऱ्या माणसाचे ऐकून हसले आणि म्हणाले, "सर, त्याला रोज काय देऊ? माझेच सुटत नाही!" मग जरा थांबून म्हणाले, "पण कपाळाची पट्टी बरोबर आहे. तव्याजवळ घाम फार येतो."

अर्ज मुलानेच भरला. व्यवसायाच्या रकान्यात त्याने 'पथविक्रेता, अंडाभुर्जी व पाव' असे सुवाच्य अक्षरांत लिहिले. पुढचा रकाना होता व्यवसायाच्या ठिकाणाचा पत्ता. त्याने माझ्याकडे पाहिले, मी त्याच्या वडिलांकडे पाहिले.

"एस. टी. स्थानकासमोर, पिंपळाखाली," वडील म्हणाले. "आणि संध्याकाळी सहानंतर, हेही लिही. नाहीतर साहेब दुपारी येतील आणि म्हणतील, येथे कोणीच नाही."